गॉबनेटची मेणबत्ती

"गॉबनेट नावाची वेगळी बाई कधी नव्हतीच," सोफ्यावर टेकता टेकता जेरी म्हणाला. "बरं, आता तरी कॉफी पाज."

हृषिकेशने कप भरला. शेजारच्या या आयरिश म्हाताऱ्याने जर्मनीतल्या कोलोनच्या पोरांना इंग्रजी शिकवण्यात जन्म घालवला होता आणि निवृत्त झाल्यापासून तो स्वतःच्या घराण्याच्या मागे हात धुऊन लागला होता. दर रविवारी दुपारी यायचं, मेलेल्या नातेवाइकांची खबर द्यायची आणि आईच्या चकल्या फस्त करून उठायचं, हे ठरलेलं. आईला त्यांची भाषा कळत नसे. हृषिकेश तिला मराठीत सांगे.

आजची खबर मोठी होती. जेरीच्या आजोबांच्या चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीत बायकोचं नाव गॉबनेट, आणि मुलांच्या सरकारी जन्मनोंदीत अ‍ॅबिगेल. गॉबनेट म्हणजे लवकर वारलेली पहिली बायको, असं जेरी धरून चालला होता. तिची कबर काही सापडेना, म्हणून दर वर्षी तो तिच्या नावाने चर्चमध्ये मेणबत्ती लावायचा. आता उलगडा झाला. इंग्रजांच्या कारभारात आयरिश नाव चालत नसे, लिहिणारा आपल्या मनाने एखादं इंग्रजी नाव ठोकून द्यायचा. गॉबनेटची सर्रास अ‍ॅबिगेल व्हायची. खुद्द जेरी पासपोर्टवर जेरेमाया होता आणि आईच्या तोंडी डीरमिड. तरी हे त्याच्या डोक्यात यायला इतकी वर्षं लागली.

"नावं दोन, बाई एकच," जेरी म्हणाला.

"म्हणजे पहिली बायको नव्हतीच?" आईने विचारलं.

"नव्हतीच. त्याच्या मेणबत्त्या फुकट गेल्या," हृषिकेश हसून म्हणाला.

आई हसली नाही. गळ्यातला चांदीचा टाक चाचपत ती म्हणाली, "बरं झालं बिचारीचं. दोन्ही नावं तिच्या एकटीचीच निघाली."

टाकावरच्या बाईकडे बोट दाखवून जेरीने विचारलं, ही कोण संत? देवी आहे, हृषिकेशने सांगितलं. लहानपणी त्याला आईनेच तसं सांगितलं होतं. कऱ्हाडच्या घरात दिवाळीची नवी साडी आली की आई घडी आधी त्या टाकाला लावायची आणि मगच नेसायची. बाबा गेल्यावर मंगळसूत्र उतरलं, टाक राहिला. आजीची हाकही त्याला आठवली. "प्रभे" म्हणून ती ओरडायची आणि आई जराशी थांबून ओ द्यायची. कामात असायची, दुसरं काय.

जेरी गेला, पण त्याची गॉबनेट हृषिकेशच्या डोक्यात घोळत राहिली. त्याच्या लेकीला, इराला, पुढच्या महिन्यात मुलगी होणार होती. आजीचं, म्हणजे हृषिकेशच्या आईचंच नाव ठेवायचं असा तिचा जर्मनमध्ये हट्ट चालला होता. जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत, म्हणून त्यानेच तो मोडून काढला होता. पण आई दिवसेंदिवस वाळत चालली होती, आणि तिचं काहीतरी या घरात राहावं असं त्याला फार वाटत होतं. लग्नात आईचंही नाव बदललं असणारच. आपण ते कधी विचारलंसुद्धा नाही, याची त्याला लाज वाटली.

"आई, तुझं माहेरचं नाव काय गं?"

"आता कशाला ते?"

"सांग तरी."

आई चकलीचे तुकडे गोळा करत राहिली. "वीणा," ती हळूच म्हणाली.

"मग प्रभा कुणी केलं? बाबांनी?"

"तुझ्या आजीनं. तांदळाचं ताट पुढ्यात ठेवलं, ह्यांच्या हातात अंगठी दिली न् म्हणाल्या, या घरात प्रभाच हवी. ह्यांनी लिहिलं."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"तेव्हा कोण बोलतंय."

हृषिकेशला भरून आलं. "मग ठरलं. इराच्या मुलीचं नाव वीणा. इथल्या लोकांनाही म्हणता येईल, आणि तुझं हरवलेलं नाव घरात परत येईल."

आईने डोळ्यांना पदर लावला.

"वीणा नको," ती म्हणाली. "जिवंत माणसाचं नाव ठेवू नये."

"मग काय ठेवू?"

"प्रभा ठेवा."

हृषिकेशला हसू आलं. "अगं, तेही तुझंच ना? आत्ताच जेरी सांगून गेला. नावं दोन, बाई एकच."

आईने मानेमागे हात नेऊन दोऱ्याची गाठ सोडली. त्या टाकाशिवाय तिचा गळा त्याने कधी पाहिला नव्हता. तिने त्याची मूठ उघडून टाक त्याच्या तळहातावर ठेवला. चांदी अजून कोमट होती.

"वीणा आहे अजून," टाकावर बोट ठेवून आई म्हणाली. "ही प्रभा गेली, तेव्हा तू रांगत होतास."