वर्षावास संपला तेव्हा

वर्षावासाचे तीन महिने खामपनने दारूला हात लावला नव्हता. विहारात भन्तेंना तसा शब्दच दिला होता. आज वर्षावास संपला. दुपारी तो विहारातून परतला आणि ग्लास भरून पायरीवर बसला. त्याच्या बायकोने, लमाईने, सवयीने तो घेऊन हुंगला. तांदळाची दारूही पाण्यासारखीच दिसते. पाणीच होतं. “भन्तेंना सांगून आलोय, यंदा कायमची सोडली,” खामपन म्हणाला. कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, “नशीब काढलंस गं.” लमाई आनंद होण्याची वाट पाहत उभी राहिली. काहीच झालं नाही. “तुला बरं नाही वाटलं?” त्याने विचारलं. “माहीत नाही,” तिने खरं सांगितलं. “भात निवतोय, जेवून घे.” तो आज पिणारच असं समजून तिने बहिणीकडे जायचं बोचकं बांधलं होतं. आत जाऊन ते सोडलं, उद्या नेसायला एक सारोंग काढलं आणि बाकीच्या कपड्यांवर पुन्हा गाठ मारली.