जोडलेले हात

सासूबाईंचा मेसेज आला की खाली जोडलेल्या हातांची इमोजी टाकायची, ही सासरच्या ग्रुपवरची रीतच होती. त्या दिवशी त्यांनी फॉरवर्ड केलं होतं, ‘शेवग्याच्या पाल्याचा रस प्या, बीपीच्या गोळ्या कायमच्या बंद करा.’

केतकी डॉक्टर. ‘हे चुकीचं आहे,’ असं तिनं टाइपही केलं. पण सगळ्यांदेखत आईंना खोटं कसं पाडायचं? तिनं ते पुसलं, इतरांसारखेच हात जोडले आणि ती ओपीडीत गेली.

आता, महिन्याभरानं, सासूबाईंचे धाकटे दीर, विनूकाका, तिच्यासमोर हॉस्पिटलच्या खाटेवर होते. बीपी वाढून झटका आला होता. डावा हात लुळा पडलेला, शब्द जड झालेले.

“काका, गोळ्या का हो बंद केल्यात? मला एक फोन तरी करायचा.”

“फोन कशाला? तू हात जोडलेस ते पाहिलं की. म्हटलं, घरची डॉक्टरच हो म्हणतेय.”

केतकी बाहेर आली. ग्रुप उघडून तिनं लिहिलं, ‘आईंनी पाठवलेला तो मेसेज खोटा आहे. कुणीही गोळ्या बंद करू नका.’

लगेच खाली जोडलेले हात आले. पहिले सासूबाईंचेच.