बालवाडीतली मधली जागा

रत्नागिरीत बंदराच्या वाटेवरच्या मोहल्ल्यात घरोघरी नळ आले, तेव्हा चौकातली जुनी विहीर बुजवली आणि तिच्यावर बालवाडी बांधली. त्र्याऐंशी साली कुंदा सुर्वे तिथे शिक्षिका म्हणून आली.

पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं, की मुलं भिंतीला पाठ लावून बसतात. खोलीचा मधला भाग मोकळाच राहतो.

"पुढे या रे, मधे बसा."

"तकडे पानी हाय, बाई," छोटी जुलेखा म्हणाली.

फरशी कोरडी होती. कुंदाने झाडलोट करणाऱ्या मरियमचाचीला विचारलं, "विहिरीचं मुलांना कोणी सांगितलं?"

"कोन सांगील? ही पोरं जन्मायच्या आधीच बुजवली ती," म्हणत चाची अंगण झाडायला गेली.

मुलांची भीती घालवायलाच हवी, म्हणून कुंदा स्वतः मधोमध जाऊन उभी राहिली. "बघा. कुठे आहे पाणी?"

मुलं किंचाळली. मग सगळी पुढे सरकली, तिच्याभोवती गोल करून ओणवी झाली आणि फरशीकडे बघत हाका मारू लागली, "बाई! बाई!"

"अरे, वर बघा. मी इथे आहे."

एकानेही वर पाहिलं नाही. आरडाओरडा ऐकून मरियमचाची धावत आली. कुंदाला हायसं वाटलं. "चाची, तुम्ही तरी सांगा यांना."

चाची तिच्या पायांशी गुडघ्यांवर बसली, वाकली आणि खाली बघून ओरडली, "बाई, हात वर करा! दोर आनते!"

कुंदाने तिचा खांदा गच्च धरला, तरी चाचीने मान वर केली नाही.