चाळीस सकाळींची वही

शनिवार, दिनांक नऊ, सकाळी अकरा वाजता कार्यालयाच्या वाचनकक्षात बुद्धिबळसंघाची निवड झाली.

प्रशिक्षक असलेल्या सरांचा नियम असा होता, की रोज सकाळी दहा कोडी सोडवावीत, उत्तर आधी वहीत लिहावे आणि मगच पुस्तकाच्या शेवटी पाहावे. मी मात्र चाळीसही दिवस उत्तर आधी पाहिले आणि मगच वहीत लिहिले. उतरवून काढणे हाही सरावच, असा युक्तिवाद मी स्वतःशी करीत असे. माझी निवड त्या वहीवरच ठरणार होती.

सरांनी वही चाळली. "अहो, चारशेपैकी तीनशे चुकलीत की!"

अक्षर माझेच होते. परंतु मी तर पुस्तकातली बरोबर उत्तरे उतरवली होती; ही तीनशे उत्तरे मी लिहिलेली नव्हती. प्रामाणिकपणे विचार केला असता, तर मला नेमकी तीच सुचली असती. शरमेने माझी मान वर होईना.

"बरं, हे सोडवा," म्हणत सरांनी पटावर स्वतः रचलेले एक नवे कोडे मांडले. प्रथमच मी खरोखर विचार केला.

"वजीर देऊन शह," मी म्हणालो.

सरांनी वहीचे पुढचे पान उलटून माझ्यासमोर धरले. तिथे आजच्या तारखेखाली, माझ्या अक्षरात, केव्हाच वाळलेल्या शाईने तेच शब्द लिहिलेले होते.

"हेही चुकलं," सर म्हणाले. "संघात तुम्ही नाही."