दोन वेगळे पलंग

ऑगस्टातल्या एका मंगळवारी सकाळी दहाला ऑड्री गेली. साडेबाराला तिचा नवरा विल्फ डॉड्स तिची पिशवी घेऊन इस्पितळातून घरी आला. पिशवीत चष्मा होता, लोकरीचे मोजे होते, पेपरमिंटचा अर्धा पुडा होता आणि एक निळी वही होती.

वही त्याने कधी पाहिली नव्हती. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'पोर्तुगाल'.

खाली ऑड्रीचं अक्षर. लिस्बन तीन दिवस, ट्रामने किल्ल्यापर्यंत. सिंत्राचा राजवाडा, चढ आहे, सकाळीच उरकायचा. मग दक्षिणेचा समुद्र. न्यूकॅसलहून विमान बारा सप्टेंबरला, परत वीसला. एक खोली, दोन वेगळे पलंग.

समासात पेन्सिलीने दुसरंच अक्षर होतं. मोठं, सुटं सुटं. 'मला खिडकी हवी.' 'मासे रोज चालतील.' आणि शेवटी, 'विल्फला इतक्यात सांगू नकोस. घर डोक्यावर घेईल.'

हे अक्षर विल्फ दरवर्षी बघायचा, शेजारच्या वाफ्यातल्या पाट्यांवर. त्याच्या भावाचं. लॅन्सचं.

खाण बंद झाल्यापासून गावातले सगळे म्हातारे लीक लावत. कांद्याच्याच जातीची भाजी, पण इथे मनगटाएवढी जाड करायचे. सप्टेंबरात क्लबात त्यांचं बक्षिसांचं प्रदर्शन भरे. बावीस वर्षांपूर्वी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी लॅन्सचे सगळे लीक सुरीने चिरून ठेवले होते. लॅन्सने भर क्लबात विल्फकडे बोट दाखवलं. विल्फने हात लावला नव्हता. त्याने एकदाच तसं सांगितलं. त्यानंतर दोघा भावांत शब्द नाही. दोघांच्या वाफ्यांमध्ये फक्त एक तार होती.

विल्फ वही घेऊन स्वयंपाकघरात बसला. यंदा प्रदर्शन पंधराला होतं. त्या आठवड्यात तो वाफ्यावरच्या खोपटात राखणीला झोपायचा, घरी मोजे बदलायला यायचा तेवढाच. बायको घरात आहे की नाही, हे त्याला कळलंही नसतं. आठवडा अगदी नेमका निवडला होता.

तीस वर्षं ती ऊन मागत होती. "एकदा तरी पोर्तुगालला जाऊ या रे, विल्फ. पाठ शेकेल."

"सप्टेंबरात? आणि लीकला पाणी कोण घालणार, बिशप?"

या वसंतात मात्र तिने विषयच काढला नव्हता. त्याला धरून फोटो काढायला नेलं, बसच्या पाससाठी म्हणून, आणि दोन कागदांवर सह्या घेतल्या. पास अजून आला नव्हता. विल्फला वाटलं होतं, तिच्या डोक्यातून पोर्तुगाल गेलं. आता कळलं, का गेलं ते.

दारावर थाप पडली.

"विल्फ, मी आहे."

त्याने दार वीतभर उघडलं. लॅन्स टोपी हातात धरून उभा होता. डोळे सुजलेले.

"तू कशाला रडतोयस?" विल्फ म्हणाला.

"मला आत तरी येऊ दे."

"तिथूनच बोल."

लॅन्सने टोपी फिरवली. "तिने तुला काही सांगितलं का? जाण्याआधी?"

"काय सांगायचं होतं?"

"म्हणजे नाही सांगितलं." लॅन्सने टोपी डोक्यावर घातली. "मग आज नको. माती होऊ दे. नंतर बसू आपण दोघं."

"बावीस वर्षं मी तुला चोर वाटत होतो. आज बसायचंय?"

"विल्फ, त्याबद्दलच मला..."

विल्फने दार आपटलं. मागचा आरसा हलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅन्स क्लबात जेवायला गेल्यावर विल्फ वाफ्यावर गेला. शिकारीला निघाल्यासारखा लपतछपत नाही, सरळ चालत. तारेवरून पाय टाकला. लॅन्सचे लीक यंदा सुरेख आले होते, पांढरे, सरळ, बुंध्यापासून पातीपर्यंत डाग नाही. विल्फने खिशातली सुरी उघडली आणि एकेक करून सगळे उभे चिरले. शेवटच्या तीन लीकपाशी हात दुखायला लागला, तरी थांबला नाही.

"आता दाखव बोट," तो मोठ्याने म्हणाला.

मग तसाच बसने शहरात गेला. वहीच्या मागच्या पानावर सहलीच्या दुकानाचं कार्ड चिकटवलेलं होतं. काउंटरवर किर्स्टी नावाची मुलगी होती.

"ऑड्री डॉड्सची पोर्तुगालची सहल. रद्द करायची."

"तुम्ही विल्फकाका ना?" तिने पटकन खुर्ची पुढे केली. "मला सकाळीच कळलं हो. फार वाईट झालं."

"रद्द कर म्हटलं."

"काकूंनी बजावून ठेवलंय. ते येतील, रद्द कर म्हणतील, दुकान डोक्यावर घेतील. अजिबात ऐकू नकोस."

"तिचा काय संबंध आता? मेलेल्या बाईच्या तिकिटावर कोण बसणार?"

किर्स्टीने टेबलाचा खण उघडला. "काकूंचं तिकीट नव्हतंच, काका. त्या पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, सप्टेंबरात मी नसेन. प्रदर्शनाच्या आठवड्यातलंच दे, म्हणजे दोघा भावांपैकी एकही तिथे नसेल."

तिने खणातून दोन पासपोर्ट काढले. वरचा उघडला. आत विल्फचा फोटो होता, बसच्या पासचा.

विल्फने हात टेबलाखाली घेतले. त्यांना लीकचा उग्र वास येत होता.

"लॅन्सकाका गेल्या आठवड्यातच सही करून गेले," किर्स्टीने अर्ज त्याच्यापुढे सरकवला. "म्हणाले, तेव्हा माझे लीक त्याने चिरले नव्हतेच, माफी मी तिकडेच मागेन, इथे तो ऐकायचा नाही. तुमची सही तेवढी राहिलीय."