खुणा कुणी फोडल्या

"सलोनीला बाहेर बसवलं आणि टाइमआउट खिशात घालून घरी गेले. ह्यांना कोच कोण म्हणतं?" वडापावचा घास गालात तसाच ठेवून गौरवने विचारलं.

शाळेच्या फाटकासमोरच्या गाडीवर त्या संध्याकाळी दुसरा विषयच नव्हता. मुलींची बास्केटबॉल टीम चिपळूणकडून हरली होती. नुसती हरली नव्हती, धुऊन निघाली होती. तेही घरच्या कोर्टवर, अख्खी शाळा बघत असताना.

"उंच पोरगी एकच, तर तिलाच बोर्डापासून लांब उभी करतात."

"आणि सलोनीच्या जागी आणली कोण? जिला डाव्या हाताने टप्पा मारता येत नाही."

"मुख्याध्यापकांकडे जाऊया. आम्हाला दुसरे सर द्या म्हणूया."

शमिकेच्या डोक्यात वेगळंच काहीतरी शिजत होतं. नववीतली शमिका टीममध्ये नव्हती, पण टीमचा आवाज तीच होती. ढोल तिचा, घोषणा तिच्या. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही तिचा आवाज घशात अडकायचा. ह्या टीमने तो मोकळा केला होता. त्यामुळे ही हार तिला स्वतःच्या घरात चोरी झाल्यासारखी लागली होती.

"सरांचं नंतर बघू," ती म्हणाली. "आपल्या खुणा चिपळूणवाल्यांना माहीत होत्या."

हर्षद सर रेषेबाहेर उभे राहून हातानेच खेळ सांगायचे. मूठ डोक्यावर फिरवली, की डावीकडून जायचं. तळवा कानाला लावला, की सरळ मधून. दोन बोटं खांद्यावर, की मागे फिरायचं. सर सांगलीचे, रत्नागिरीत नवीन, बंदराजवळ खोली घेऊन राहणारे. खुणा त्यांनी स्वतः बसवल्या होत्या. एकही सराव न चुकवणाऱ्या शमिकेला त्या पाठ होत्या, पण तिने त्या आईलासुद्धा सांगितल्या नव्हत्या.

"सरांची मूठ वर गेली रे गेली, की चिपळूणची सात नंबर आधीच डावीकडे उभी. एकदा होईल. दर वेळी?"

"मग फोडल्या कुणी?" गौरवचा घास आता कुठे खाली उतरला.

"मॅचआधी पाण्याच्या टाकीजवळ सलोनी सात नंबरशी बोलत होती. हात धरून. मला बघितलं तसा सोडला. मग खेळ चालू असताना सरांच्या कानाला लागली, आणि सरांनी तिला लगेच बसवलं. का बसवलं, आता कळलं?"

गौरवने उरलेला वडापाव कागदात गुंडाळला.

"म्हणजे सरांनी तिला पकडली," गौरव हळूच म्हणाला.

रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. शाळेकडून जाणाऱ्या नावांत सलोनीचं नाव सर्वांत वर होतं. तिचे बाबा मासेमारीच्या बोटीवर. बोटीवरून आलेल्या बाबांना डबा द्यायचा आणि मैदान गाठायचं, असं तिचं दोन वर्षं चाललं होतं. तिला जिल्ह्याकडून खेळायचं होतं, बाकी काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी शमिका सगळ्यांना घेऊन मैदानावर गेली. सलोनी बूट बांधत होती. पलीकडे सर बॉलमध्ये हवा भरत होते.

"सात नंबरला ओळखतेस?"

"ओळखते."

"कधीपासून?"

"लहान होते तेव्हापासून."

"मग टाकीजवळ काय सांगत होतीस तिला?"

सलोनीने मान वळवली. "सरांना विचार."

पंपाचा आवाज थांबला. सरांनी बॉल दाबून बघितला.

"मी कुणाचं नाव घेणार नाही," ते म्हणाले. "पण टीममध्ये विश्वास नसेल तर कुठलीच खूण चालत नाही. शमिका, तुझी नजर बारीक आहे हं. एवढं कुणी बघत नाही."

शमिकेचे कान लाल झाले. सलोनीने सरांकडे बघितलं. मग तिने बुटाची नाडी सोडायला घेतली.

शुक्रवारी नावं गेली, त्यात सलोनी नव्हती. वडापावच्या गाडीवर आता सूर बदलला होता. "माणूस खमक्या आहे," गौरव म्हणाला. मुख्याध्यापकांकडे जायचं कुणी काढलंही नाही.

शनिवारी सकाळी शमिका बाबांबरोबर जेटीवर गेली, पहिल्यांदाच. त्यांच्या आळीत मासे स्कूटरवर दाराशी येत. पण आज मुंबईचे काका येणार होते आणि बाबांना ताजी सुरमई हवी होती. बाबा भाव करत होते आणि शमिका माशांच्या पाट्या चुकवत उभी होती, तेवढ्यात बर्फाच्या टेम्पोवर पाय हलवत बसलेली सात नंबर तिला दिसली.

"सलोनीला भेटायला आलीस?" शमिका सरळ जाऊन उभी राहिली.

"तुम्ही ढोलवाल्या ना? मी निशिगंधा," ती हसली. "मी दर शनिवारी येते. टेम्पो आमचाच आहे. चिपळूणला मासे नेतो."

एक बोट आत येत होती. धक्क्यावरच्या म्हाताऱ्याने मूठ डोक्यावर फिरवली. बोट डावीकडे वळली. मागून दुसरी आली. म्हाताऱ्याने तळवा कानाला लावला. ती सरळ मधून आत घुसली.

शमिकेने म्हाताऱ्याच्या हाताकडे बोट दाखवलं.

"इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं कोणाला ऐकू येतंय?" निशिगंधा म्हणाली. "म्हणून हाताने सांगतात. हितल्या शेंबड्या पोरालाही कळतं गो."

"मग सलोनी... टाकीजवळ?"

"हात धरून विनवत होती. आजच्या दिवस ह्या खुणा विसर म्हणून. मी म्हटलं, विसरू कशी? तुमच्या सरांना सांग की बदलायला."

"मग?"

"म्हणाली, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा बोललीस तर जिल्ह्याच्या यादीतून नाव काढीन, असं सर म्हणालेत."