तारूतच्या भिंती

कादिरने टॅक्सी किल्ल्यापाशीच सोडून दिली. "इथनं पायी फिरू," तो बदरुन्निसाला म्हणाला. "गाडीतनं बेट दिसत नाही."

लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण नवरा राहतो तो मुलूख ती पहिल्यांदाच बघत होती. हर्णैहून व्हिजिट व्हिसावर येऊन तिला दहा दिवस झाले होते. कादिर आखातातल्या कतीफ शहरात रंगारी होता. पलीकडच्या तारूत बेटावरची निम्मी घरं आपल्या हातची आहेत, असं तो फोनवर नेहमी सांगायचा.

पहिल्याच वळणावर तो थांबला. निळ्या भिंतीवर त्याने तळवा टेकला.

"हा रंग माझा. तीन हात दिले. खारा वारा आहे, दोन हातांत भागत नाही."

पुढे पिवळं घर आलं, मग हिरव्या दाराचं गुलाबी. प्रत्येक घरापाशी कादिर थांबायचा, भिंतीला हात लावायचा आणि सांगायचा. त्या गुलाबीसाठी मालकाच्या लेकीने तीनदा रंग बदलायला लावला होता. बदरुन्निसाचे गुडघे दुखत होते, अबायाची किनार धुळीने पांढरी झाली होती. पण तो इतक्या हौसेने दाखवत होता, की तिला परत फिरू या म्हणवेना.

एका दारात खुर्ची टाकून घरमालक अबू जलाल बसले होते; त्यांचा वरचा मजला रंगवायचा राहिला होता. त्यांनी दोघांना खजूर दिले आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "कादिर, ऊपर का माला कब?"

"इन्शाअल्लाह, अगले हफ्ते."

चार पावलं गेल्यावर कादिर तिच्याकडे न बघता म्हणाला, "इथं राहायचा इकामा दोन वर्षं वाढवून देतोय कफीलशेठ. आपल्या धाकट्या सानियाचं शिक्षण होईल तोवर."

ती त्याला कायमचं घरी परत न्यायचं बोलायला आली होती, हे त्यालाही ठाऊक होतं.

पुढची भिंत पांढरी होती. साधा चुना. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, तरी कादिर थांबला. हात भिंतीवर, मान खाली. सदऱ्याखाली त्याच्या बरगड्या वरखाली होताना बदरुन्निसाला दिसल्या. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "हा पण माझा."

मग तिच्या लक्षात आलं. आधी हात टेकायचा, मग श्वास सापडायचा, मग रंगाची गोष्ट. निळ्या घरापासून असंच चाललं होतं. आणि दोन थांब्यांमधलं अंतर कमी कमी होत आलं होतं.

'तब्येत एकदम मस्त,' दर शुक्रवारी तो फोनवर म्हणायचा.

पुढच्या घराशी त्याची पावलं जड व्हायच्या आत तीच थांबली.

"हा पिस्त्यासारखा कुठला हो?"

त्याने सांगितलं. ती सगळं ऐकेपर्यंत जागची हलली नाही. मग जाळीच्या खिडकीबद्दल विचारलं, मग एका लाल कठड्याबद्दल. प्रत्येक वेळी तिने आणखी एक प्रश्न जोडला.

अशा रीतीने दोघं बेटाच्या टोकाला, दारीनच्या बंदराशी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. शेवटचं घर अर्धवट बांधलेलं होतं, सिमेंटच्या विटा उघड्या. बदरुन्निसा त्याच्या पायरीवर बसली.

"हे?"

"याला रंगच नाही लागला अजून."

"लागला तर कुठला लावाल?"

कादिरने भिंतीकडे वर, पार गच्चीपर्यंत पाहिलं.

"शिडी चढवत नाही गं आता," तो म्हणाला.

बदरुन्निसाने अबाया आवरून घेतला आणि पायरीवर त्याच्यासाठी जागा केली.